कोण म्हणालं, कुठे, कुणाला

४ फेब्रुवारी

पिटू,

लेक असून मावशीच्या गुडघ्यांवर तू दोन ओळी लिहिल्यास आणि डॅनिशच्या आकड्यांवर दोन पानं. यावरून मावशीचं बरं चाललंय असं मी धरून चालते.

तर पन्नासला ते 'हाल्ट्रेस' म्हणतात, त्याचा मूळ अर्थ 'अर्धा-तिसरा, वीस वेळा', आणि हे कळल्यावर तू डोकं धरून बसलीस. अगं वेडाबाई, अर्धा-तिसरा म्हणजे आपला अडीच. अडीच विसा पन्नास, साडेतीन विसा सत्तर. आपल्याकडची जुनी माणसं विसांतच मोजायची. इतक्या लांबचे लोकही मोजताना आपल्यासारखीच वाकडी वाट धरतात, हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. माझ्या लाँड्रीतल्या तागालोगवाल्या आकड्यांच्या बाबतीत दोन घरच्या पाहुण्या आहेत. माणसं मोजायची ती स्वतःच्या आकड्यांनी, आणि घड्याळ वाचायचं ते पूर्वी राज्य करून गेलेल्यांच्या आकड्यांनी.

आता नियमाचं वाक्य. नियम पुन्हा लिहिते, कारण मागच्या पत्रात तू तो मोडलास. नुसता शब्द पाठवायचा नाही. आपल्या कानांनी ऐकलेलं अख्खं वाक्य पाठवायचं, आणि सोबत ते कोण म्हणालं, कुठे, कुणाला, आणि कशावरून. एवढं नसेल तर ते कोशातून उचललेलं, आणि कोश माझ्याकडेही आहे.

वाक्य: 'दाहान-दाहान लांग.' म्हणजे जरा हळूहळू. म्हणाली आते, मोठ्या इस्त्रीच्या रुळांपाशी, मला. 'आते' म्हणजे त्यांची ताई. ती सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्या तिला तेच म्हणतात, मीही. आमच्या पाळीत मी सोडून सगळ्या तागालोग बोलणाऱ्या, हे तुला माहीतच आहे. तापलेल्या रुळांमध्ये आम्ही दोघी दोन बाजूंनी ओली चादर सरकवतो. हात आत जाऊ नये म्हणून पुढे एक आडवी पट्टी असते, तिला बोट लागलं की यंत्र थांबतं. ते सारखं थांबायला लागलं म्हणून मॅनेजरने ती पट्टी तारेने बांधून टाकली आहे. मी घाईत होते, आतेने माझं मनगट धरून मागे ओढलं आणि हे वाक्य म्हणाली. त्यांचं दाहान-दाहान आणि आपलं हळूहळू, दोन्ही दोनदा सांगणारी. तुझे डॅनिशवाले 'लांगसोम्त' असं एकदाच सांगून मोकळे होतात. एकाच कंपनीत आपण दोघी, पण तुझ्या मुख्य कचेरीत कुणाचा हात भाजत नाही, म्हणून एकदा सांगितलेलं पुरत असावं.

फोन करत जा म्हणतेस. फोनवर तू बोलत सुटतेस आणि मी हं हं करते. पत्रच बरं. लहानपणी आपण च-ची भाषा बोलायचो तेव्हापासून मला तुझ्याशी असं बाकीच्यांना वगळून बोलायची सवय लागली आहे. अर्थात ती भाषा तू आठवड्याच्या आत खाऊच्या पुडीवर मावशीला सांगून टाकलीस, ते मी विसरलेले नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

च-च्या भाषेवरून अजून किती वर्षं टोमणे मारणार आहेस? मी सहा वर्षांची होते आणि पुडीत खरंच खूप खाऊ होता.

आधी वाक्य. 'ताक फोर इ दे.' आजच्या दिवसाबद्दल आभार. म्हणाले खुद्द मोठे साहेब, जिन्यात, मला, संध्याकाळी घरी निघताना. हे लोक सारखे आभार मानतात. काल भेटलात त्याबद्दल आभार, जेवणाबद्दल आभार, दिवस संपला त्याबद्दलही आभार. आणि तरी कुणाला आदराने हाक मारायची सोय नाही. साहेबांनाही 'दू', शिपायालाही 'दू'. अगं, मोठ्या साहेबांना 'तू' म्हणताना माझी जीभ टाळूला चिकटते. तुझ्या बायका वाक्यागणिक 'पो' लावतात ना आदराचा? त्यातला एखादा उसना पाठव.

पण नात्यांत मात्र ते आपल्या बरोबरीचे निघाले. आईची बहीण 'मोस्टर', बापाची बहीण 'फास्टर', आईचा भाऊ 'मोर्ब्रोर'. मावशी, आत्या, मामा, सगळे वेगवेगळे. तुमच्याकडे काय ते सांग.

आणि एक गंमत. कर्मचारी विभागाच्या बाईंनी मला डॅनिश शिकवायचं कबूल केलंय, दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत. मी इतकी वर्षं टेलिफोनपाशी बसून नुसते फोन जोडून देते, याची त्यांना खंत वाटते. भाषांतराच्या टेबलावर एक जागा रिकामी होणार आहे म्हणाल्या. दर वेळी एक पान डॅनिशमध्ये करून न्यायचं असतं. मी आपल्या पत्रातलीच वाक्यं नेते. 'दाहान-दाहान' त्यांना इतकं आवडलं! अशीच जिवंत वाक्यं आण म्हणाल्या. बघ, तुझी लाँड्री कुठवर पोचली.

पिटू


१० मार्च

पिटू,

बाईंना माझा नमस्कार सांग, आणि लाँड्री नुसती पोचून भागत नाही म्हणावं, कधी स्वतःही या. पत्र्याखाली रुळांची वाफ असते, खिडक्या उघडल्या तर धूळ येते म्हणून उघडायच्या नाहीत. घाम डोळ्यांत जातो आणि हात मोकळा नसतो.

नात्यांचं विचारलंस. इथे मावशी आणि आत्या दोघी 'तीता'. बाजू कोणती याचं त्यांना काही पडलेलं नाही, मोठं कोण आणि धाकटं कोण याचं मात्र फार. शेंडेफळाला 'बुन्सो'. आमच्या पाळीतल्या सगळ्यांत लहान मुलीला सगळ्या बुन्सोच म्हणतात. विशीतली आहे, अंगाने काडी, आणि हसायला लागली की यंत्राच्या वर आवाज जातो. घरी तिची आई आणि तीन भावंडं तिच्या जिवावर आहेत. मला ती 'आते' म्हणते, तेव्हा मला तुझीच आठवण येते.

'नाही'ला त्या 'हिंदी' म्हणतात. सुरुवातीला मी प्रश्न विचारला की त्या 'हिंदी, हिंदी' करायच्या, आणि मी मनात म्हणायचे, अगं बायांनो, मी कुठे कोणत्या भाषेचं नाव विचारलं?

वाक्य: 'पागोद ना आको.' दमले आता मी. म्हणाली आमच्यातली घाऱ्या डोळ्यांची, कपडे बदलायच्या खोलीत, कुणालाच नाही. तिची दोन बोटं परवा रुळांत गेली. पट्टी बांधलेली होती म्हणून यंत्र थांबलं नाही, आतेने धावत जाऊन बटण दाबलं. बोटं आहेत, पण पेरांवरची कातडी नाही. मॅनेजरने मलमपट्टी केली आणि म्हणाला, लक्ष ठेवत चला.

'ना' म्हणजे आता, झालं एकदाचं, पुरे. आपण 'दमले बाई' म्हणतो तसं. डॅनिशमध्ये यासाठी काय आहे?

ताई


२४ मार्च

ताई,

वाचून अंगावर काटा आला. तू सांभाळून राहा. रुळांवरून दुसरीकडे बदलून घेता येत नाही का? टॉवेलच्या घड्यांची खोली म्हणे गार असते.

डॅनिशमध्ये एक गोष्ट अशी आहे की तुला हेवा वाटेल. ते शब्दाच्या मध्येच घसा जरासा अडवतात, उचकी यायची राहून गेली असं वाटतं. ती बाई म्हणजे 'हुन', आणि कुत्रा म्हणजेही जवळजवळ 'हुन', फक्त घसा अडवून. पहिल्याच दिवशी मी मोठ्या साहेबांच्या बायकोबद्दल काय बोलून गेले असेन, ते विचारू नकोस. असं अडवणं तागालोगमध्ये आहे का? असेल तर मला नमुना हवा, आणि कुणाच्या तोंडात तो स्पष्ट ऐकू येतो तेही लिही.

आणि ताई, नेहमीची सौम्य वाक्यं पुरे झाली. बाई म्हणतात, भाषा खरी ओळखायची तर ती रागात ऐकावी. बायका आपसात चिडल्या, काही ठरवायला बसल्या, की कशा बोलतात? कोण पुढाकार घेतं, बाकीच्या कुणाचं ऐकतात? आपल्या नियमाप्रमाणे पाठव. कोण, कुठे, कुणाला, कशावरून. तूच म्हणतेस ना, त्याशिवाय वाक्याला अर्थ नसतो.

मी आता डॅनिश स्वप्नात बोलते असं आई म्हणते. आईला काय कळतंय म्हणा.

पिटू


७ एप्रिल

पिटू,

तुझी घशातली उचकी माझ्याकडेही सापडली, आणि तीही शब्दाच्या शेवटी. 'वाला', म्हणजे नाही, कोणी नाही, काही नाही. शेवटचा आ काढायचा आणि घशाचं दार लावून घ्यायचं. बोलणारीने वाक्य संपवलं की मागे कोणी काही जोडूच शकत नाही. इतके दिवस माझ्या कानावर पडत होतं आणि तू विचारेपर्यंत मला ते ऐकू आलं नव्हतं. यासाठी तरी तुला शंभर गुन्हे माफ.

वाक्य: 'सा लूनेस, वालांग पापासोक. वाला.' सोमवारी कोणी कामावर जायचं नाही. कोणी नाही. म्हणाली बुन्सो, कपडे बदलायच्या खोलीत, बाकावर उभी राहून, आम्हा सगळ्यांना. कशावरून, ते तुला कळलंच असेल. मॅनेजरला तीनदा सांगून झालं, पट्टी सुटत नाही. कोणाला काही मागायचं नाही, पगार नको, सुट्टी नको. तार सोडा, एवढंच. मोठ्या इस्पितळाच्या चादरी सोमवारी जायच्या असतात, त्या एक दिवस अडकल्या तर ती तार पाच मिनिटांत सुटेल. 'वाला' म्हणताना तिचा घसा असा बंद झाला की मला तू हवी होतीस ऐकायला.

मीही जाणार नाही. त्यांनी मला विचारलं नाही, गृहीतच धरलं, आणि मला त्याचा फार आनंद झाला.

हे वाक्य बाईंच्या तासाला नेऊ नकोस. हे आपल्या दोघींचं. सोमवार गेला की मग खुशाल ने आणि शाबासकी मिळव.

ताई


२३ एप्रिल

ताई,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. फार धावपळ होती. सांगायचं म्हणजे, ती जागा मला मिळाली! भाषांतराचं टेबल, खिडकीजवळचं, माझं स्वतःचं. आईने शेजारच्या सगळ्यांना सांगितलं.

तुझ्याकडचं सगळं ठीक ना? तू कशात फार पुढे होऊ नकोस. आणि बघ, तुझंही काहीतरी चांगलं होईल लवकरच, मला आतून वाटतंय.

वाक्य: 'दे ओर्डनर साय.' होईल सगळं नीट आपोआप.

गडबडीत आहे. पुढच्या वेळी मोठं लिहीन.

पिटू


२ मे

पिटू,

तुझ्या वाक्याखाली कोण म्हणालं ते नाही, कुठे ते नाही, कुणाला ते नाही. नियम तू पहिल्यांदा मोडलेला नाहीस, पण या वेळी मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

सोमवारचं सांगते. आम्ही कोणी गेलो नाही. फाटकासमोरच्या रस्त्यावर, पलीकडच्या बाजूला उभ्या राहिलो. सकाळच्या पाळीच्या वेळेला एक बस आली आणि त्यातून आमच्याइतक्याच अनोळखी बायका उतरल्या. हातमोजे घालूनच आल्या होत्या. बस कुणी आयत्या वेळी बोलवत नाही. म्हणजे हे आधीच माहीत होतं. मॅनेजर फाटकात येऊन म्हणाला, अर्ध्या तासात आत या, नाहीतर त्या कायमच्या. घाऱ्या डोळ्यांची आधी गेली, मग एकेक करून सगळ्या. आते शेवटी गेली. पट्टी अजून बांधलेलीच आहे.

दुपारी बुन्सोला वर बोलावलं आणि चिथावणी दिली म्हणून कामावरून काढलं. तिला ते काय म्हणाले ते तिने खाली येऊन सांगितलं. त्यांचं म्हणणं, कपडे बदलायच्या खोलीत बाकावर उभी राहून तू म्हणालीस, सोमवारी कोणी जायचं नाही. ती रडत होती आणि पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, मी नाही म्हटलं, आते, मी कधी बाकावर चढले?

ती खरं बोलत होती. ते ती म्हणालीच नव्हती.

ते वाक्य आतेचं होतं. पण आतेचा आवाज वाफेने बसलेला आहे, तिच्या तोंडून घशातली ती अडवणूक नीट ऐकू येत नाही. नंतर बुन्सोने तेच 'वाला, वाला' दाराशी हसत हसत म्हणून दाखवलं, तेव्हा ती लख्ख ऐकू आली. तुला स्पष्ट नमुना हवा होता. म्हणून मी लिहिताना वाक्य तिच्या तोंडी घातलं आणि तिला बाकावर उभी केली. नमुना छान दिसावा म्हणून.

त्या खोलीत असलेल्या प्रत्येकीला माहीत आहे की बोलली आते. त्यांच्यातल्या कुणी चुगली केली असती तर आतेचं नाव गेलं असतं. बुन्सो बाकावर उभी राहून असं म्हणाली, हे जगात एकाच ठिकाणी घडलं, माझ्या तुला लिहिलेल्या पत्रात.

आणखी एक. मॅनेजरने परवा सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला. तुम्ही आता रुळांवर नको, टॉवेलच्या खोलीत या, तिथे गार आहे म्हणाला. मी मागितलं नव्हतं. बाकीच्यांनी मान वर न करता ऐकलं.

मला एवढंच सांग, तू ते पत्र कुणाला दाखवलंस?

ताई


९ मे

ताई,

तू हे काय लिहितेस? माझ्यावर संशय घेतेस? पत्र मी कुणाला कशाला दाखवू. ते पाकीट वाटेत कुणीतरी फोडलं असेल. हल्ली टपालाचा काही भरवसा राहिलेला नाही, डिंकही नीट लावलेला नव्हता असं मला आता आठवतंय.

त्या मुलीचं वाईट वाटलं.

पिटू


१४ मे

पिटू,

पत्र तुझ्या घरच्या पत्त्यावर जातं. वाटेत फोडणाऱ्याला मराठी यायला हवी, आणि लाँड्रीचा मॅनेजर कोण तेही माहीत हवं. घरात दुसरी फक्त मावशी आहे, आणि मावशीला डॅनिश येत नाही.

ताई


२६ मे

ताई,

तुझ्या दोन ओळींनी आठवडाभर झोप लागली नाही. आई विचारते, ताईचं पत्र आलं तर तू जेवत का नाहीस.

हो. मी दाखवलं. पण जसं तू समजतेस तसं नाही.

तू नको म्हणाली होतीस म्हणून मी ते त्या बुधवारी नेलं नाही. माझ्याकडे दुसरं काही तयार नव्हतं, तर बाई म्हणाल्या, बहिणीचं पत्र नाही आलं का? मी म्हटलं, आलंय, पण ते खासगी आहे. त्या हसल्या. म्हणाल्या, आमच्यात 'खासगी' म्हणजे ज्याने कुणाचं नुकसान होत नाही ते, आणि तुला ते टेबल हवं आहे ना? मग मी फक्त 'वाला'बद्दल सांगितलं, घशाच्या अडवण्याबद्दल. त्यांनी विचारलं, कशात आलं हे? वाक्य सांगितलं. त्यांनी विचारलं, कोण म्हणालं? आणि ताई, मला ते उत्तर तयार होतं. कोण, कुठे, कुणाला, कशावरून. सगळं ओळीने. डॅनिशमध्ये, एकही चूक न करता. त्यांनी मध्ये एकदाही दुरुस्त केलं नाही. मी त्या दिवशी किती छान बोलले, हेच माझ्या डोक्यात होतं.

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं. तेव्हाही परत वर जाऊन काही बोलता आलं असतं. नाही गेले. तुला फोनही केला नाही. गुरुवार होता, शुक्रवार होता, शनिवार होता, रविवार होता. टेबल मिळेल असं वाटत होतं, आणि मिळालं.

टॉवेलची खोली मीच मागितली तुझ्यासाठी. बाईंना म्हटलं, माझ्या ताईला त्या गरमीतून काढा. तेवढं तरी तुझ्यासाठी करावं असं वाटलं. तुला वाईट वाटेल असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

पण ताई, एक विचारते. तूही मला खोटं वाक्य पाठवलंस. नियम तुझाच, कानांनी ऐकलेलं तेच लिहायचं. तू मला जे लिहिलंस त्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. तू खरं लिहिलं असतंस तर ती मुलगी आज कामावर असती. यातलं सगळं माझ्या एकटीच्या माथी मारू नकोस.

पिटू


११ जून

पिटू,

शेवटून सुरुवात करते. मी खोटं लिहिलं, हे खरं. खरं लिहिलं असतं तर बुन्सो कामावर असती आणि आते घरी बसली असती. तुझ्या हिशेबात हे बरं झालं असतं का, ते मला कळलं नाही.

तुझं पत्र आल्यावर मी मॅनेजरकडे गेले. म्हटलं, त्या मुलीला परत घ्या, तिने ते म्हटलेलं नाही, ते मी चुकीचं लिहिलं होतं. त्याने खुर्ची पुढे केली. बरं, मग कोण म्हणालं? त्याच्या हातात पेन होतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हटलं, मी म्हणाले. तो मोठ्याने हसला. म्हणाला, बाई, तुमची बहीण आमच्या किती उपयोगाची आहे आम्हाला माहीत आहे, आणि तुम्हीही. उगाच चांगुलपणा दाखवू नका. मग उठून त्याने माझा हात हातात घेतला आणि तुझ्या भाषेत आभार मानले. ताक म्हणाला. एवढं डॅनिश तू मला शिकवलं होतंस.

त्याच्या खोलीला काचेचं दार आहे. खालून सगळं दिसतं. खाली सगळ्या होत्या.

मी खाली जाऊन तिथेच, रुळांपाशी, सगळं सांगितलं. बहीण आहे, पत्रं लिहिते, दोन भाषा ताडून बघायचा आम्हाला छंद आहे, प्रत्येक वाक्याखाली नाव लिहायचं असा नियम आहे. माझं तागालोग असल्या गोष्टी सांगण्याइतकं चांगलं नाही, तरी सांगितलं. घाऱ्या डोळ्यांचीने विचारलं, आमचं बोलणं तू लिहून पाठवायचीस? किती दिवस? मी म्हटलं, शिकण्यासाठी. ती म्हणाली, आम्हाला वाटलं आमच्याशी बोलण्यासाठी शिकतेस.

दुसऱ्या दिवशी आते स्वतः वर गेली आणि म्हणाली, ते माझं वाक्य होतं. तिला त्यांनी काढलं नाही, रूळ चालवणारं दुसरं कोणी तिच्या तोडीचं नाही म्हणून. बुन्सोला परत घेतलंही नाही. ती तिच्या आईकडे गेली. स्टेशनवर मी गेले होते, लांब उभी राहिले. तिने पाहिलं, हात केला नाही.

टॉवेलच्या खोलीत मी गेले नाही. हट्टाने रुळांवरच राहिले आहे, बांधलेल्या पट्टीपुढे. तुझं ते गार बक्षीस तू ठेव. खिडकीजवळच्या तुझ्या टेबलाला ते शोभेल.

मला तुझा राग आला आहे असं लिहिणार होते. राग नाही. राग आला असता तर तो उतरला असता. तू मला फसवलंस, पिटू. तुझ्या बाईंनी मला फसवलं नाही, मॅनेजरनेही नाही. त्यांना मी काही सांगायला गेले नव्हते. मी तुला सांगितलं होतं. नको नेऊस असं लिहिलं होतं, आणि तुला ते वाचता येत होतं. खाऊच्या पुडीच्या वेळी तू सहा वर्षांची होतीस. तेव्हा मी दोन दिवस रुसले आणि मग आपण नवी भाषा केली. आता मी कोणती भाषा करू?

मावशीला यातलं काही सांगू नकोस. तिला पत्र मी वेगळं लिहीत जाईन.

नियमाप्रमाणे शेवटचं वाक्य पाठवते. या वेळी शब्द न् शब्द ऐकलेला आहे.

म्हणाली आते. मोठ्या इस्त्रीच्या रुळांपाशी, आज सकाळी. मला. कशावरून, तर मी चादरीचं माझ्याकडचं टोक सोडून तिचं तोंड बघत राहिले होते म्हणून. आजूबाजूला सगळ्या होत्या. मी यायच्या आधी त्या आपसात बोलत होत्या, मी आले तशा गप्प झाल्या. मी सगळं सांगितलं तेव्हापासून माझ्यासमोर त्या तागालोगमधला एक शब्द बोलत नाहीत. काही हवं असलं तर इथल्या भाषेत मागतात, दुकानदाराशी बोलावं तसं नीट आणि आदराने. आतेनेही तसंच म्हटलं:

'बाई, तुमचं टोक जरा धरता का?'

याच्या समोर ठेवायला डॅनिश वाक्य शोधू नकोस. पाठवलंस तरी मी ते उघडणार नाही.

ताई